पातेल्यातलं ऑक्झॅलिक

एखाद्या अ‍ॅसिडवर आपलं प्रेम आहे असं सांगितलं की लोक जरा सरकून बसतात. बसू देत. माझं ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवर आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आहे, आणि मध्ये एकदा त्यानं माझं नाक चांगलं कापलं तरीही आहे.

विज्ञान शाखेच्या वाटेला गेलेल्यांना तो प्रयोग आठवत असेल. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिकचं पाण्यासारखं द्रावण घ्यायचं, हाताला चटका बसेल पण फ्लास्क सोडावासा वाटणार नाही इतपत तापवायचं आणि वरून ब्युरेटच्या नळीतून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. पहिला थेंब रेंगाळतो. जांभळा तो जांभळाच. नवशिकी पोरगी घाबरते, काहीतरी चुकलं म्हणून बाईंकडे बघते. आणि मग तो थेंब हळूच नाहीसा होतो. दुसरा त्याहून लवकर, तिसरा तर पडतापडताच. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी रंग राहतो तो राहतोच. मी पहिल्यांदा तो गुलाबी बघितला तेव्हा 'अगं बाई!' असं मोठ्यानं ओरडले होते, आणि बाईंनी मला बाहेर काढलं होतं.

शिवाय हे अ‍ॅसिड इमानदार. हवेतलं पाणी पिऊन फुगत नाही, आज एक वजन आणि उद्या दुसरं असली थेरं नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत बाकीच्यांची मापं याच्यावरून ठरवतात. कॉस्टिक सोड्याची बाटली खरी का खोटी, ते ऑक्झॅलिकला विचारायचं. आणि हेच बेणं पालकात असतं, अळूत असतं, चुक्यात, टोमॅटोत, सकाळच्या चहात. इतकंच काय, आपल्या अंगातही तयार होतं आणि गुपचूप लघवीवाटे निघून जातं. निघून गेलं नाही, कॅल्शियमला गाठून बसलं, की मुतखडा. माझ्या बाबांचा पडलेला खडा आईनं हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत जपून ठेवला होता आणि आल्यागेल्याला दाखवायची. मी पुढे कॉलेजात जाऊन तो ओळखला, कॅल्शियम ऑक्झॅलेट म्हणून. बाबा म्हणाले, "एवढी फी भरली ती याच्यासाठी?"

नोकरी लागली ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. मी मिरजेकडची. इथली हवा खारट, भाषा निराळी, जेवण निराळं. खोली मिळाली कुंभवलीत, कंपनीच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर. घरमालकीण साठीची, एकटी. मुलगी लग्न होऊन माकुणसारला गेलेली. पहिल्याच दिवशी मी "काकू" म्हटलं तर म्हणाली, "काकू नको, मावशी बोल. काकू बोललं की भांडण आठवतं." झालं, मावशी.

मावशी वसाहतीतल्या दहाबारा कामगारांना डबे करून द्यायच्या. माझाही डबा त्यांचाच. त्यांच्या हातचे सोललेले वाल खाल्ल्यावर मी आईला फोन करून सांगितलं होतं, की तुझा स्वयंपाक चांगला असतो, पण. आई दोन दिवस बोलली नाही.

आता मावशींची एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची कंपनी उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं होती. जमीन गेली तेव्हा मावशी नव्या नवरी होत्या. भिंत बांधली, गेट बसलं, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांचं पाऊल आत पडलं नव्हतं. डबे गेटवरच्या टेबलावर ठेवायचे आणि मागे फिरायचं. कधी विषय निघाला तर एवढंच म्हणायच्या, "आमची इहीर आतमधी राहिली."

तर एका वर्षी, जूनमध्ये, कॅन्टीन चालवणारा माणूस काम सोडून गेला. आमच्या मॅनेजर साहेबांनी माझ्या डब्यातले वाल एकदा चाखले होते; त्यांना ते आठवले. त्यांनी मावशींना निरोप पाठवला: बुधवारी चाळीस माणसांचं दुपारचं जेवण करून दाखवा. लोकांना आवडलं तर कॅन्टीन तुमचं. आणि खाली पुस्ती जोडली, रोजचे बटाटे नकोत, इथलं काहीतरी करा.

मी निरोप सांगितला तेव्हा मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "आतमधी? चूल आतमधी?" दोनदा विचारलं त्यांनी. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "शेवळं करीन."

शेवळं म्हणजे या भागातली रानभाजी. जूनमधले दोन-तीन आठवडे जमिनीतून वर येतात, मिटलेल्या छत्रीसारखी, तपकिरी-जांभळी. चव अशी की मांसाहारी लोकही त्या दिवशी मटण विसरतात. पण अंगात खाज. नीट केली नाही तर घसा धरतात, म्हणजे असा की दहा सुया एकदम टोचाव्यात. त्या सुया खऱ्याच असतात हो! कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या. माझ्याच लाडक्याचं ते दुसरं रूप. म्हणून इथल्या बायका शेवळांत काकडं घालतात. काकडं ही रानातलीच हिरवी, आवळ्याएवढी आंबट फळं. ठेचून, बिया काढून, त्यांचा रस भाजीत. बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर विकणारी मूठभर काकडं स्वतःहूनच देते, आपण कोथिंबिरीबरोबर मिरची मागतो तसं इथे मागावंही लागत नाही.

आदल्या वर्षीच मी मावशींची चार काकडं प्रयोगशाळेत नेली होती. रस काढला, गाळला आणि त्यातलं आंबट मोजलं, कॉस्टिकनं. आणि ते कॉस्टिक कशानं तपासलेलं? ऑक्झॅलिकनं! ज्याची खाज मोडायची त्याच्याच मापानं मी औषध मोजलं होतं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. आकडा वहीत लिहून ठेवला. मनात म्हटलं, आंबट ते आंबट. एवढंच सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं तर काकडांची गरजच काय?

मंगळवारी माझी सुट्टी होती. मावशी वाल सोलायला बसल्या होत्या, चाळीस माणसांचे म्हणजे काय थोडे असतात? म्हणून शेवळं आणायला पालघरला मी गेले. बाजारात एक म्हातारी सागाच्या पानांवर जुड्या मांडून बसली होती. मी सगळ्या घेतल्या. दोन पिशव्या टम्म भरल्या. मग तिनं टोपलीतून ओंजळभर काकडं उचलून पिशवीत टाकली, वर आणखी एक ओंजळ.

"ती नकोत," मी म्हटलं.

"त्याबिगर खाशील कशी बाय?"

"माझ्याकडे आहे दुसरं."

तिनं परत टाकली. मी निवडून निवडून परत काढली. ओझं होतं हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. मला दाखवून द्यायचं होतं. कुणाला, ते विचारू नका. बहुतेक त्या म्हातारीलाच. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं काकडं टोपलीत सारली आणि तोंड फिरवलं.

घरी आले. मावशींनी पिशव्यांत हात घातला आणि पहिला प्रश्न, "काकडं कुठं?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की माझी जीभ पुढे धावली. "मिळाली नाहीत. या वर्षी नाहीत म्हणे."

एवढी मोठी बाई मी, नोकरी करणारी, आणि शाळेतल्या पोरीसारखी खोटं बोलले. लगेच पुढे वहीतला आकडा सांगितला, सायट्रिकची पुडी दाखवली, खाण्यातली आहे, सरबतात घालतात, किती घालायची ते मी मोजून देते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. पुडी हातात घेऊन बघितली, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"आंबट हाय," म्हणाल्या. "बरं. तू बोलतेस तर."

बुधवारी सकाळी त्या नऊवारी नेसून आल्या. गेटवरच्या शिपायानं दिलेला पाहुण्यांचा बिल्ला पदराला अडकवला. आत आल्यावर बॉयलरच्या शेडपाशी थांबल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इहीर इथं." विहिरीच्या जागी डांबर होतं. त्या पुढे निघाल्या. मी आपली त्यांच्या मागून पिशव्या घेऊन चालत राहिले.

काय काम करते ती बाई! शेवळांचं वरचं आवरण काढलं, आतला पिवळा दाणेदार भाग चाकूच्या एका वळशात उडवला, तिथेच सगळ्यात जास्त खाज. बारीक चिरून तेलात परतली, इतकी की अख्खं कॅन्टीन त्या वासानं जागं झालं. वाल घातले, वाटण घातलं. मी तराजूवर मोजून आणलेली पूड दिली, ती पाण्यात विरघळवून घातली. प्लँटमधली पोरं दारातून डोकावून जायला लागली. "मावशी, आज स्पेशल क्या है?" मावशींना हिंदी फारसं येत नाही. त्या पळी दाखवून म्हणायच्या, "टाइम पे आव, मिलेगा."

जेवणाची सुट्टी साडेबाराला. साडेअकराला मावशींनी गॅस बंद केला, एका वाटीत भाजी काढली, फुंकर घालून चार घास खाल्ले, हात धुतले आणि भिंतीशी बसल्या. शेवळांची ही रीतच आहे. जिनं शिजवलं तिनं आधी खायचं आणि मग गप्प बसायचं. पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही. घसा काय म्हणतो ते ऐकायचं. तोवर घरच्या पोराबाळांनाही ताट मिळत नाही. मीही वाटी घेतली. शेखी मिरवायला जरा जास्तच खाल्लं. चव? अहो, चव अप्रतिम. आंबट तर अगदी काकडासारखं, माझा आकडा बरोबर होता.

पाच मिनिटं झाली. मग माझ्या जिभेच्या मुळाशी काहीतरी चुरचुरलं. मला वाटलं मिरची असेल. मग टाळूला. मग घशात सुई, आणि तिच्यामागे सगळं खानदान. मी मावशींकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, खाजेचं की कशाचं ते मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हा कुठे, घसा पेटल्यावर, मला दुसऱ्या वर्षाचं पुस्तक आठवलं. कॅल्शियम ऑक्झॅलेट सौम्य अ‍ॅसिडाला दाद देत नाही. ढिम्म. याच गुणावरून ते ओळखतात! मी स्वतः परीक्षेत लिहिलं होतं. आंबट मोजायला निघालेली मी सुया मोजायला विसरले होते.

मावशी उठल्या. मी म्हटलं, "थोडी आहे खाज, चिंच घालू, गूळ घालू." त्यांनी मान हलवली. दोन्ही हातांत फडकी घेतली आणि ते चाळीस माणसांचं पातेलं एकटीनं उचलून मागच्या दाराकडे निघाल्या. नेमके तेव्हाच साहेब आत आले.

"हे काय? कुठे नेताय?"

"खाजरी झाली साहेब. टाकते."

"अहो, वास तर काय सुंदर येतोय!" साहेब विदर्भातले, त्यांना काय ठाऊक! त्यांनी पळी घेतली, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "उत्तम आहे. वाढा सरळ. दुसरं करायला वेळ नाही."

"तुमी थांबा जरा," मावशी म्हणाल्या.

साहेब थांबले. थोड्या वेळानं त्यांनी खाकरलं. मग कॉलर सैल केली. मग त्यांचा चेहरा असा झाला की एरवी मी हसून मेले असते. मावशींनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"कशानं झालं हे?" साहेबांनी फुटक्या आवाजात विचारलं.

मी दोन पावलांवर उभी होते. हातात माझी वही होती, आकडा लिहिलेली. मावशींनी माझ्याकडे बघितलंही नाही. "माझ्या हातानं शिजली, माझी चूक," म्हणाल्या आणि पातेलं घेऊन बाहेर गेल्या.

आणि मी गप्प. लाज वाटते लिहायला, पण गप्प.

पाऊण तासात त्या बाईनं चाळीस ताटं उभी केली. मावशींच्या पिशवीत सातपाटीहून आणलेले सुके बोंबील होते, ते भाजून चटणी केली. भात तयार होताच. आणि मासे न खाणाऱ्यांना बटाटे, तेच, ज्यांना साहेब कंटाळले होते. मी सोलले, खाली मान घालून. लोक जेवले, बरं म्हणाले, गेले. साहेब म्हणाले, "कळवतो." मावशींनी बिल्ला काढून शिपायाला परत दिला. परतताना बॉयलरच्या शेडपाशी त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. रात्रभर घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं: पूड माझी, हिशेब माझा, मावशींनी माझं ऐकलं एवढाच त्यांचा दोष. साहेब लिंबूपाण्याचे घोट घेत होते. म्हणाले, "मॅडम, कालच पत्र टाइप करायला दिलंय. माझ्या घशाचं राहू द्या. हातात वेळ नसताना आणि वरिष्ठ 'वाढा' म्हणत असताना पातेलं ओतून देणारं माणूस आपल्या प्लँटमध्ये एक तरी आहे का? मला इथे बिघडलेली बॅच ओतून द्यायला लोक तयार नसतात." आणि वर म्हणाले, "तुम्हीसुद्धा."

असं कॅन्टीन मावशींचं झालं. आता त्यांना बिल्ला लागत नाही. शिपाई उठून उभा राहतो.

पण साहेबांना सांगितलं ते पुडीचं. बाजारातलं खोटं माझ्याकडेच राहिलं. मावशींच्या हातचं रोज खात होते आणि रोज वाटायचं, आज सांगू. वर्ष गेलं. जून आला. एका संध्याकाळी मावशींनी त्याच दोन पिशव्या माझ्यासमोर ठेवल्या. "पालघरला जाऊन ये उद्या. परवा कॅन्टीनला शेवळं करू."

माझा बांधच फुटला. "मावशी, मला नका पाठवू. गेल्या वर्षी काकडं मिळत होती. म्हातारी फुकट देत होती. मीच नको म्हटलं आणि तुमच्याशी खोटं बोलले."

मावशी पिशवीची घडी मोडत होत्या. "ठाऊक हाय," म्हणाल्या.

"कसं?"

"तळाला एक राहिलेलं. जुड्या काढल्या तवा हाताला लागलं. एक काकड हाय म्हणजे काकडं होती. म्हातारी एक देत नाय, ओंजळ देते."

मी हिशेब केला. म्हणजे मंगळवारीच. भाजी चिरण्याच्याही आधी.

"मग माझी पूड का घातलीत? मला चार शिव्या घालून परत पाठवायचं होतंत! तुमचं कॅन्टीन होतं मावशी, चाळीस माणसं होती!"

"खोटं बोलताना तू खाली बघत होतीस," मावशी म्हणाल्या. "पण पुडीचं सांगितलंस ना, तवा माझ्याकडं बघून सांगितलंस. मला वाटलं, पोरीचा एवढा जीव हाय त्या अ‍ॅसिडवर, तर ते खरंच असंल. आपल्याला काय समजतं त्यातलं?" मग जरा हसल्या. "आणि चाखणार तर मी होतेच की."

मला रडू आवरेना. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "झालं ना? सकाळची गाडी पकड."

काकडात असं काय आहे, ते मला अजून समजलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शेवळाच्या सुया मी बघितल्या आहेत, जुडग्यानं बांधलेल्या, लखलखीत, बघत राहावं अशा. काकडाचा रस घातल्यावर त्या दिसेनाशा होतात असंही नाही. तरी घसा धरत नाही. कोणी, कधी, किती घसे पेटवून घेऊन हे शोधलं असेल? आणि शोधल्यावर ते ओंजळीनं फुकट वाटायचं ठरवलं असेल? मी त्यांच्यापुढे मान तुकवते.

दुसऱ्या दिवशी म्हातारी त्याच जागी होती, तीच सागाची पानं. तिनं मला ओळखलं. जुड्या पिशवीत भरल्या, पण काकडांच्या टोपलीला हात लावला नाही. माझ्याकडे बघत बसली.

मी खाली बसले, पिशवी तिच्यासमोर उघडी धरली आणि म्हटलं, "दे आजी."

तिनं एक ओंजळ टाकली आणि थांबली.

"आणखी टाक," मी म्हटलं.